इच्छेचा प्रश्न आधी, एकनिष्ठेचा नंतर

रात्री साडेअकरा वाजता स्वयंपाकघरात मोड आलेले कडवे वाल सोलत बसलेली बाई दर वेळी उद्याच्या उसळीचीच तयारी करीत असते असे नाही. विवाह समुपदेशनाच्या कामात भेटलेली अडतीस वर्षांची एक बँक कर्मचारी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) मला सांगत होती की, नवऱ्याचे घोरणे ऐकू येईपर्यंत ती रोज काही ना काही काम काढीत असे. वाल नसले तर कपड्यांच्या घड्या, आणि घड्याही झाल्या तर डब्यांना झाकणे जुळवणे. नवऱ्याला हे कळत होते आणि आपल्याला कळते हे तो दाखवीत नव्हता. तेरा वर्षांच्या संसारानंतर एका रविवारी त्याने ‘आपण आपले लग्न थोडे मोकळे ठेवू या का?’ असे विचारले, तेव्हा तिला ऐकू आले ते ‘तू मला पुरत नाहीस’ एवढेच. तिने उलट ‘दुसरी कोणी मिळाली का?’ असे विचारले आणि त्याला त्यात ‘तू बदफैली आहेस’ असा निवाडा ऐकू आला. त्यानंतर अकरा दिवस दोघांमध्ये अबोला होता.

अशा जोडप्यांना मी सर्वांत आधी सांगते ते हे, की तुमच्यापुढे एक नव्हे तर दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत गुंतल्यामुळे दोन्ही सुटेनासे झाले आहेत. एकाला शरीरसंबंध जास्त हवासा वाटणे आणि दुसऱ्याला कमी, हा पहिला प्रश्न. लग्नात जोडीदाराखेरीज अन्य कोणाला जागा असावी की नसावी, याविषयी दोघांची मते वेगळी असणे हा दुसरा. पहिला बव्हंशी शरीराचा, सवयींचा आणि घरातल्या परिस्थितीचा असतो, दुसरा मूल्यांचा. पहिल्यावर तोडगा म्हणून दुसरा पुढे करणे ही मला दिसणारी सर्वांत मोठी चूक आहे, कारण मग लग्न मोकळे करण्याचा प्रस्ताव हा मनापासून मांडलेला विचार न राहता उपासमारीची तक्रार बनतो आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यावर दुहेरी दोष येतो.

म्हणून सुरुवात दोन कोऱ्या पानांनी करावी. दोघांनी वेगवेगळे बसून, एकमेकांना न दाखवता लिहावे. पहिल्या पानावर फक्त इच्छेविषयी लिहावे: शेवटचे कधी मनापासून हवेसे वाटले होते, तेव्हा आजूबाजूला काय होते, सध्या नेमके कशाने मन मागे सरते आणि ते टाळण्यासाठी मी काय काय युक्त्या करतो किंवा करते. दुसऱ्या पानावर फक्त निष्ठेविषयी: माझ्या लेखी फसवणूक कुठून सुरू होते. हे दुसरे पान लिहून झाल्यावर घडी घालून बाजूला ठेवावे आणि निदान तीन महिने उघडू नये. तीन महिन्यांचा आकडा माझ्या अनुभवातून आलेला आहे, शास्त्रातून नव्हे. पण त्याहून लवकर उघडलेले पान भांडणात संपलेले मी अनेकदा पाहिले आहे.

आधी शरीर, मग स्वभाव

इच्छा कमी झाली की आपण लगेच प्रेम आटले असा अर्थ लावतो, आणि डॉक्टरांकडे जाण्याचे सुचले तरी कानकोंडे होऊन ते पुढे ढकलतो. वास्तविक पहिली भेट डॉक्टरांचीच असावी. नैराश्य आणि चिंतेवरील काही गोळ्या, विशेषतः एसएसआरआय गटातील, कामेच्छा कमी करतात आणि परमोच्च सुखाला विलंब लावतात. रक्तदाबावरील काही औषधांचाही असा परिणाम होतो. अशी शंका आल्यास गोळी स्वतःहून बंद करू नये, ज्यांनी ती लिहून दिली त्यांना हा त्रास स्पष्ट शब्दांत सांगावा; बहुधा मात्रा किंवा औषध बदलता येते. थायरॉइडचे विकार, प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची वाढलेली पातळी, रक्तक्षय, दारू, अपुरी झोप आणि रात्रपाळी ही कारणेही नेहमीची आहेत. मधुमेही पुरुषांमध्ये ताठरता कमी होणे पुष्कळ आढळते, आणि ते कधी कधी हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील बिघाडाची आधी मिळालेली सूचना असते, त्यामुळे ते लाजेखातर लपवणे धोक्याचे आहे. मित्राने दिलेली सिल्डेनाफिलची (ताठरतेसाठीच्या औषधाची) गोळी परस्पर घेणे त्याहून धोक्याचे, कारण हृदयरोगासाठी नायट्रेट घेणाऱ्या माणसाचा रक्तदाब तिच्यामुळे एकदम खाली जाऊ शकतो. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘खोई हुई ताकद’च्या जाहिरातींवर मी शब्द खर्च करीत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत एक प्रश्न कोणीच विचारीत नाही, तो म्हणजे दुखते का. अंगावर पाजण्याच्या काळात आणि रजोनिवृत्तीच्या आसपास इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झाल्याने योनीमार्ग कोरडा पडतो. प्रसूतीच्या वेळचे टाके नंतर बराच काळ दुखू शकतात. काही जणींचे स्नायू भीतीने आपोआप आवळले जातात आणि त्या स्वतःलाच दोष देत राहतात. दुखणाऱ्या गोष्टीची इच्छा होत नाही, यात मनाचा काही विक्षिप्तपणा नाही. पाण्याचा आधार असलेले वंगण औषधांच्या दुकानात मिळते, कोरडेपणावर इस्ट्रोजेनचे मलम स्त्रीरोगतज्ज्ञ देऊ शकतात, आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपीही असते. वाल सोलणाऱ्या त्या बाईला दुसऱ्या बाळंतपणापासून, म्हणजे चार वर्षे, दुखत होते. नवऱ्याला तिने ते सांगितले नव्हते, कारण पहिल्यांदा ‘दुखतंय’ म्हटल्यावर तो घाबरून दोन महिने जवळच आला नव्हता आणि तिला तेही नको होते.

शरीराइतकेच लक्ष घराकडे द्यावे. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसे, मधोमध झोपणारे सात वर्षांचे मूल, भिंतीपलीकडे सासूबाईंचा खोकला आणि कडीच नसलेले दार, अशा ठिकाणी इच्छा जागी होत नसेल तर मानसोपचाराआधी सुताराला बोलवावे. मी हे विनोदाने म्हणत नाही. दाराला आतून कडी बसवणे आणि मुलाला आजीच्या खोलीत किंवा वेगळ्या गादीवर झोपण्याची सवय लावणे, या दोन गोष्टींनी निम्मा ताण उतरलेली जोडपी मला माहीत आहेत. दिवसभराच्या कामाची वाटणीही येथेच मोडते. साडेदहापर्यंत ओटा पुसणाऱ्या माणसाला पावणेअकराला प्रेमळ व्हायला सांगणे हा अन्याय आहे.

यानंतर स्वभावाचा भाग येतो. काही माणसांना इच्छा आधी होते आणि मग ती जवळ येतात. काहींना जवळ आल्यावर, निवांतपणा आणि स्पर्श मिळाल्यावर ती हळूहळू होते. दुसऱ्या प्रकारची इच्छा ही कमी प्रतीची इच्छा नव्हे. पण पहिल्या प्रकारचा जोडीदार ‘तुला स्वतःहून कधी वाटतच नाही’ म्हणून रुसतो, आणि दुसरा ‘मला वाटायच्या आतच तू घाई करतोस’ म्हणून आक्रसतो.

येथे उपयोगी पडणारी एक जुनी पद्धत आहे. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी ती १९७० च्या सुमारास मांडली आणि थोड्याफार फरकाने ती आजही वापरली जाते. दोघांनी मिळून ठरवायचे की पुढील काही आठवडे समागम करायचाच नाही. आठवड्यातून दोन वेळा, अर्धा-पाऊण तास, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, आळीपाळीने एकाने दुसऱ्याला स्पर्श करायचा. पहिल्या टप्प्यात स्तन आणि गुप्तांगे पूर्णपणे वगळायची. पाठ, तळवे, मान, केस, पोटऱ्या एवढेच. स्पर्श करणाऱ्याने समोरच्याला उत्तेजित करण्याचा प्रयत्न करायचा नाही, आपल्या हाताला काय जाणवते याकडे लक्ष द्यायचे. स्पर्श घेणाऱ्याने नको असेल तेथे हात अलगद बाजूला करायचा, आणि त्याचे स्पष्टीकरण द्यायचे नाही. दोन-तीन आठवड्यांनी वगळलेले भाग सामील करायचे, पण समागमाची मनाई कायम. या मनाईतच सगळी किमया आहे. कमी इच्छा असणाऱ्या जोडीदाराला खांद्यावर हात पडताच ‘आता हे कुठपर्यंत जाणार?’ ही जी धास्ती वाटत असते, ती पहिल्यांदाच नाहीशी होते. रविवारी दुपारी मुले चित्रकलेच्या वर्गाला गेल्यावरची वेळ अनेकांना सोयीची पडते. ठरवून केलेल्या जवळिकीत कसली गंमत, असा आक्षेप हमखास येतो; त्यावर मी एवढेच विचारते की, लग्नाआधी भेटायला जाताना तुम्ही वेळ ठरवून जात नव्हता काय?

‘नाही’ म्हणण्याची आणि ऐकण्याची रीत

इच्छेतील फरक शून्यावर येत नाही, तो सोसवेल इतका होतो. म्हणून नकार देण्याची आणि पचवण्याची रीत बसवावी लागते. नकार देणाऱ्याने डोके दुखते, उद्या लवकर उठायचे आहे, अशी निमित्ते शक्यतो सोडावीत आणि ‘आज नको, शनिवारी दुपारी चालेल, आता नुसते जवळ झोपू या’ असे नेमके बोलावे, मात्र शनिवार खरोखरच मनात असेल तरच. नकार ऐकणाऱ्याने पाठ फिरवून झोपणे, दुसऱ्या दिवशी डब्यावरून कुरकुर करणे किंवा घरखर्चाचे पैसे देताना हात आखडणे, या सगळ्या शिक्षाच आहेत हे ओळखावे. ज्या नकाराची किंमत मोजावी लागते त्याच्या शेजारी उभा असलेला होकारही खरा नसतो. आठवड्याला किती वेळा, असा कोटा ठरवण्याचा मोह टाळावा. त्याने संबंध हप्त्यासारखा वाटू लागतो.

कायद्याची बाजू येथे थोडक्यात सांगणे भाग आहे. भारतीय न्याय संहितेत अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला बळजबरीचा संबंध बलात्काराच्या व्याख्येतून अद्याप वगळलेला आहे, पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात लैंगिक छळाचा स्पष्ट समावेश आहे आणि त्याखाली पत्नीला संरक्षण मागता येते. दुसऱ्या बाजूने, शारीरिक असमर्थता किंवा सबळ कारण नसताना दीर्घकाळ एकतर्फी नकार देणे ही मानसिक क्रूरता ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले आहे. या दोन्ही गोष्टी भांडणात एकमेकांच्या तोंडावर फेकण्यासाठी नाहीत. न्यायालय घटस्फोट देऊ शकते, इच्छा देऊ शकत नाही. जिथे मारहाण, धमकी किंवा जबरदस्ती आहे तिथे मात्र या लेखातील एकही सूचना लागू नाही. तेथे आधी सुरक्षितता पाहावी. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे.

दुसरे पान उघडताना

तीन महिन्यांनी दुसरी पाने शेजारी ठेवली की बहुधा असे दिसते, की ‘निष्ठा’ हा शब्द दोघांचाही आहे आणि त्यातला मजकूर निराळा. एकाला कॉलेजच्या मैत्रिणीशी मध्यरात्री चाललेले चॅटिंग निरुपद्रवी वाटते आणि दुसऱ्याला तीच खरी फसवणूक वाटते. एकीला शारीरिक प्रसंग क्षम्य वाटेल पण भावनिक गुंतवणूक नाही, दुसऱ्याचे नेमके उलट. डेटिंग ॲपवर नुसते खाते उघडणे, मसाज पार्लर, पॉर्न, पूर्वीच्या प्रियकराशी चहा, अशा एकेका गोष्टीवर दोघांनी स्वतंत्रपणे ‘चालेल’, ‘चालणार नाही’, ‘सांगून चालेल’ असे लिहावे आणि मग ताडून पाहावे. विवाहविधीत धर्म, अर्थ आणि काम या तिन्हींत अतिक्रमण करणार नाही असे वराकडून ‘नातिचरामि’ या शब्दाने वदवून घेतात, पण अतिक्रमण म्हणजे नेमके काय हे वधूवरांनी एकमेकांना विचारल्याचे मी तरी पाहिलेले नाही. भटजींच्या मागोमाग तो शब्द उच्चारला जातो आणि सगळे जेवायला जातात.

हा सगळा पाश्चात्त्यांचा नाद आहे, असे म्हणून विषय झटकू नये. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात स्त्रीच्या कामेच्छेपासून व्यभिचाराच्या नीतीपर्यंत सर्व काही उघडपणे मराठीत लिहीत होते. १९३१ साली व्यभिचारावरील लेखामुळे त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन दंड झाला, आणि १९३४ च्या दुसऱ्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. वाद घरचाच आहे. नव्वद वर्षे आपण तो दिवाणखान्यात येऊ दिला नाही, इतकेच.

तुम्हाला लग्न मोकळे व्हावेसे वाटत असेल, तर बोलण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: माझ्या मनात कोणी विशिष्ट व्यक्ती आहे काय? असेल, तर तुम्ही प्रस्ताव मांडत नसून परवानगी उरकून घेत आहात, आणि संबंध सुरूही झाला असेल तर ती कबुली आहे. कबुलीला प्रस्तावाचे कपडे चढवू नयेत. जोडीदाराला ते आज ना उद्या कळते आणि मग मूळ प्रसंगापेक्षा ही चलाखी अधिक लागते. मनात कोणी नसेल, तर ‘मला हे का हवे आहे’ एवढेच बोलावे, ‘तुझ्यात काय कमी आहे’ हे नव्हे, आणि पहिल्या बैठकीत उत्तर मागू नये.

असा प्रस्ताव ऐकणारे जोडीदार तुम्ही असाल, तर ऐकून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे हे ध्यानात ठेवावे. ‘मला एकनिष्ठ लग्नच हवे आहे’ हे पूर्ण उत्तर आहे. त्यासाठी मागासलेपणाचा ठपका सोसण्याची किंवा वाचन करून स्वतःला सुधारण्याची गरज नाही. माझे मत स्पष्ट आहे: लग्न मोकळे करायला दोघांचा होकार लागतो आणि ते न करायला एकाचा नकार पुरतो. होकार आला तरी तो कोणत्या जमिनीवर उभा आहे हे तपासावे. घर नवऱ्याच्या नावावर, पगार नाही, पदरात वर्षाचे मूल, किंवा अमेरिकेत जोडीदाराच्या व्हिसावर अवलंबून राहणारी एच-४ वरची पत्नी, अशा स्थितीतल्या ‘तुला पटत असेल तर चालेल’ या वाक्यावर मी कधीही विसंबत नाही.

दोघांचा खरा होकार असेल, तर कायदा माहीत हवा. परस्त्री-परपुरुष संबंधाला गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले; तथापि हिंदू विवाह कायद्यात तो आजही घटस्फोटाचा आधार आहे, आणि एक लग्न कायम असता दुसरे करणे हा सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. ‘आम्ही आपसांत ठरवले होते’ हा कागद न्यायालयात अंमलात आणता येत नाही. उलट हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ नुसार, व्यभिचाराच्या कारणावर घटस्फोट मागणाऱ्याने त्याला संमती दिली किंवा तो माफ केला होता काय, हे पाहिले जाते. व्यभिचारात राहणाऱ्या पत्नीची पोटगी नाकारली जाऊ शकते, म्हणजे समान वाटणाऱ्या कराराची जोखीम समान नसते. इतर धर्मांचे आणि विशेष विवाह कायद्याचे नियम वेगळे आहेत, तेव्हा आपले लग्न कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहून वकिलाशी एकदा बोलावे.

व्यवहाराचे नियमही कोरडेपणाने लिहावेत. कंडोमशिवाय नाही, एचआयव्ही आणि इतर संसर्गांच्या चाचण्या ठरावीक काळाने, कारण आजचा निगेटिव्ह अहवाल गेल्या काही आठवड्यांची हमी देत नाही, सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची चाचणी मोफत होते. नातेवाईक, शेजारी, हाताखालचे सहकारी वर्ज्य. घरात कोणाला आणायचे नाही. छायाचित्रे नाहीत, कारण फोनमधली छायाचित्रे उद्या खंडणीचे साधन होतात. तिसरी व्यक्तीही माणूस आहे, तिला खरी स्थिती सांगितलेली असावी. आणि दोघांपैकी कोणीही ‘थांब’ म्हटले की कारण न विचारता थांबायचे, हे आधीच मान्य असावे.

दोघांची मते शेवटपर्यंत जुळली नाहीत, तर ‘बघू’ या शब्दाखाली वर्षे काढू नयेत. हवे असलेले सोडून देणाऱ्याला त्याचे दुःख करण्याची मुभा द्यावी लागते. जमत नसेल तर वेगळे होण्याचाही सभ्य मार्ग आहे. परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी वर्षभर विभक्त राहणे आणि अर्जानंतर सहा महिने थांबणे अपेक्षित असते. यातील सहा महिन्यांची अट योग्य प्रकरणी माफ करता येते, असे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे.

यातील कोणताही टप्पा एकट्याने पेलत नसेल, तर काका-मामांची बैठक बसवण्याऐवजी त्रयस्थाकडे जावे. नातेवाइकांच्या बैठकीत सगळ्यांना फक्त लग्न टिकवायचे असते आणि पुढची दहा वर्षे तुमची शय्या लग्नकार्यांत चघळली जाते. कुटुंब न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात, आणि मनावर फारच ताण आला असेल तर टेलिमानस ही मोफत सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. खाजगी समुपदेशकाला पहिल्याच फोनवर विचारावे की लैंगिक प्रश्नांवर त्यांनी काम केले आहे का. उत्तरात ‘थोडं ॲडजस्ट करायला शिका’ आले, तर दुसरा क्रमांक फिरवावा.

त्या जोडप्याने दुसरे पान अजून उघडलेले नाही. तिचे टाक्यांचे दुखणे बरे व्हायला पाच महिने गेले, आणि मध्यंतरी पहिल्या पानावर त्याने लिहिलेले ‘मी झोपल्याचे सोंग करतो’ हे वाक्य वाचून ती बराच वेळ गप्प बसली होती. प्रस्ताव त्याने मागे घेतलेला नाही आणि तिनेही मान्य केलेला नाही. दिवाळीनंतर बोलायचे ठरले आहे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर कार्तिकातल्या एका रविवारच्या चौकोनात, दुधाच्या खाड्याशेजारी, तिने निळ्या पेनाने एक टिंब देऊन ठेवले आहे.